घरपट्टीतला शाळेचा वाटा: मोजावा कसा, नोंदवावा कसा

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत नोव्हेंबर लागला की घरपट्टीचा विषय निघतोच. पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय होतो आणि १० डिसेंबर उलटला की दंड लागतो. दुसरा हप्ता १ फेब्रुवारीचा, त्याची मुदत १० एप्रिल. बिल सगळे वाचतात, भरतात, फाइलला लावतात. पण या पैशातला बराच मोठा भाग शाळांकडे जातो, आणि गावात चार्टर शाळा असेल तर तिचा वाटा त्यातूनच वेगळा काढावा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गेल्या काही वर्षांत चार्टर शाळांच्या संचालक मंडळांवर आपली माणसं दिसू लागली आहेत आणि खजिनदाराचं काम हमखास त्यांच्या गळ्यात पडतं. मी आधी एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या हिशोब खात्यात होते, आता एका चार्टर शाळेचे हिशोब बघते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यामुळे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे: हा पैसा डिस्ट्रिक्टने शाळेला दिलेली मदत नव्हे. तो मुलांमागे मोजून काढायचा वाटा आहे आणि त्याचा हिशोब दोन्ही वह्यांत एकसारखा दिसला पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतःच्या करारानुसार कारभार करणारी शाळा. कॅलिफोर्नियाने तिचा कायदा १९९२ मध्ये केला. त्याआधी फक्त मिनेसोटाने, १९९१ मध्ये, तो केला होता. चार्टर शाळेला कर लावायचा अधिकार नाही. घरपट्टी जमा होते डिस्ट्रिक्टच्या नावावर. म्हणून कायदा सांगतो की डिस्ट्रिक्टने दरवर्षी चार्टर शाळेला ‘घरपट्टीच्या बदल्यात’ रक्कम द्यावी. कचेरीत सगळे तिला ‘इन-ल्यू’ म्हणतात, मीही तेच म्हणते. शिक्षण संहितेचं कलम ४७६३५ हे या सगळ्याचं मूळ. ते एकदा स्वतः वाचा, दोन पानांचंच आहे.

आपल्याकडच्या पद्धतीशी इथे गल्लत होते. महाराष्ट्रात महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलावर १९६२ च्या कायद्याने लागलेल्या शिक्षण कराची वेगळी ओळ असते. तो राज्याचा कर, पालिका फक्त वसूल करून देते. कॅलिफोर्नियाच्या बिलावर राज्याच्या शिक्षण कराची अशी ओळ सापडणार नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मूळ कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. त्या १ टक्क्याची वाटणी काउंटी, शहर, डिस्ट्रिक्ट अशी बिलामागे, काउंटी ऑडिटरच्या कचेरीत होते. बिलावर खाली जी शाळेच्या नावाची ओळ दिसते ती बहुधा बाँडच्या परतफेडीची किंवा प्रत्येक मालमत्तेमागे लागणाऱ्या पार्सल टॅक्सची असते, आणि ती इन-ल्यूच्या हिशोबात येत नाही. ‘आम्ही शाळेसाठी एवढा जादा कर भरतो, मग चार्टरला एवढंच कसं?’ असा प्रश्न पालकसभेत कुणी विचारला, तर आधी त्याला त्याच्याच बिलाचा वरचा आणि खालचा भाग वेगळा करून दाखवा. निम्मा गैरसमज तिथेच मिटतो.

आता कामाला लागू.

सगळ्यांत आधी रक्कम कुणी द्यायची ते ठरवा. सोपं वाटतं, पण चूक इथेच होते. डिस्ट्रिक्टने स्वतः शाळेला मंजुरी दिली असेल तर प्रश्न नाही. पण डिस्ट्रिक्टने अर्ज फेटाळला आणि अपिलात काउंटीने शाळा मंजूर केली, तर देखरेख मंजुरी देणाऱ्याची आणि इन-ल्यू मात्र मूळ नकार देणाऱ्या डिस्ट्रिक्टकडून. नकार दिलेल्यालाच पैसे द्यावे लागतात, त्यामुळे संबंध थोडे ताणलेले असतात. काउंटीभर चालणाऱ्या काही शाळांच्या बाबतीत तर प्रत्येक मूल ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतं त्या डिस्ट्रिक्टने त्याचा वाटा द्यायचा असतो. अशा वेळी पटावरचा पत्ता हाच हिशोबाचा पाया. पत्ते ऑगस्टमध्ये तपासा, आणि घर बदललेल्या मुलांचे जानेवारीत पुन्हा.

मग कराची बाजू घ्या. डिस्ट्रिक्टच्या वहीत ८०२१ पासून ८०४८ पर्यंतच्या खात्यांत कर येतो. ८०४१ म्हणजे घराजमिनीवरचा मुख्य कर, ८०४२ बोटी, यंत्रसामग्री वगैरेंवरचा, ८०४३ मागच्या वर्षांची थकबाकी, ८०४४ घर विकल्यावर मध्येच येणारं पुरवणी बिल, ८०२१ घरमालकांच्या सवलतीपोटी राज्याने भरून दिलेली रक्कम, आणि ८०४५ ईआरएएफ, म्हणजे नव्वदच्या दशकात शहरं व काउंटींच्या वाट्यातून शाळांकडे वळवलेला कर. जुन्या पुनर्विकास योजनांतून येणारा पैसा दोन भागांत तुटतो: ४३.३ टक्के ८०४७ मध्ये, म्हणजे हिशोबात, उरलेले ५६.७ टक्के इमारतींसाठी ८६२५ मध्ये, म्हणजे हिशोबाबाहेर. पार्सल टॅक्स ८६२१ मध्ये, तोही बाहेर. बाँडचा कर तर वेगळ्याच निधीत. हे आकडे पाठ करायची गरज नाही. एका कागदावर दोन रकाने आखा, ‘आत’ आणि ‘बाहेर’, आणि तो कागद वर्षभर फाइलच्या पहिल्या पानावर राहू द्या.

आकडे घ्यायचे ते काउंटी ऑडिटरच्या पत्रकावरून. डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकातला आकडा त्यासाठी वापरू नका. हेच आकडे काउंटी शिक्षण कार्यालयामार्फत राज्याकडे जातात आणि राज्य त्यावरून आपली वाटपपत्रकं काढतं: २० फेब्रुवारीपर्यंत पहिलं, म्हणजे पी-१, आणि २५ जूनच्या सुमारास दुसरं, पी-२. डिस्ट्रिक्टच्या बाजूला बसलेल्यांना माझी विनंती आहे की आकडे वर पाठवण्याआधी ८०४४ आणि ८०४७ या दोन ओळी गेल्या वर्षाशी लावून बघा. घरांची विक्री मंदावली की पुरवणी कर पटकन खाली येतो. पुनर्विकासाचा पैसा एखाद्या वर्षी एकदम मोठा येतो. कारण ठाऊक असेल तर समासात दोन शब्द लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुमच्याच खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं असेल.

हजेरीची बाजू जास्त नाजूक आहे. इथे पट मोजत नाहीत, सरासरी दैनंदिन हजेरी मोजतात. तिला सगळे एडीए म्हणतात. मुलं जितके दिवस वर्गात बसली त्यांची बेरीज, भागिले शाळा भरलेले दिवस. आजारपणाची चिठ्ठी आणली तरी तो दिवस हजेरीत धरत नाहीत. पी-१ साठी ३१ डिसेंबरपर्यंत संपलेले शालेय महिने धरायचे, पी-२ साठी १५ एप्रिलपर्यंतचे. फ्लूच्या साथीचा एक आठवडा सुद्धा आकडा खाली ओढतो. आणि एक फरक कायम लक्षात ठेवा: डिस्ट्रिक्टची हजेरी घसरली तर राज्याच्या अनुदानासाठी त्याला मागच्या वर्षांचा आधार मिळतो, चार्टरला फक्त चालू वर्षाची हजेरी. म्हणून दोघांचे आकडे वेगवेगळ्या कागदांवरून उचलून भागाकार करू नका. राज्याच्या एकाच पत्रकावरचे दोन्ही आकडे घ्या.

भागाकार असा. डिस्ट्रिक्टचा हिशोबातला कर घ्या. त्याला डिस्ट्रिक्टची आणि चार्टरची एडीए मिळून जी बेरीज होते तिने भागा. छेदात चार्टरची मुलंही धरायची, हे विसरलं की दर खोटा वाढतो. आलेला दर गुणिले चार्टरची एडीए. ही एक रक्कम झाली. दुसरी रक्कम म्हणजे त्याच मुलांसाठी राज्याच्या एलसीएफएफ सूत्राने, म्हणजे २०१३ पासूनच्या अनुदान पद्धतीने, इयत्तागटानुसार ठरलेलं अनुदान. दोन्हींतली कमी असेल ती इन-ल्यू.

एक काल्पनिक डिस्ट्रिक्ट घेऊ, आकडे गोल ठेवते. मागच्या वर्षीचा कर ६ कोटी डॉलर, डिस्ट्रिक्टची एडीए ९,५००, चार्टरची ५००. बेरीज १०,०००, दर ६,००० डॉलर, चार्टरचा वाटा ३० लाख. मर्यादा तपासा: २०२३-२४ मध्ये सगळ्यांत लहान इयत्तागटाचं मूळ अनुदानही मुलामागे ९,९१९ डॉलर होतं, म्हणजे ६,००० चा दर मर्यादेच्या खूप खाली आहे. पुढे चला.

आता हप्ते. माझ्या मते या कामाचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबते. प्रत्येक हप्ता त्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळायला हवा. ऑगस्ट ते फेब्रुवारी हप्ते मागच्या वर्षाच्या पी-२ वरून: ऑगस्टमध्ये ६ टक्के, सप्टेंबरमध्ये १२, ऑक्टोबर ते फेब्रुवारी दरमहा ८. आपल्या उदाहरणात ऑगस्टला १,८०,००० डॉलर, सप्टेंबरला ३,६०,०००, मग पाच वेळा २,४०,०००. फेब्रुवारीअखेर एकूण १७,४०,०००, म्हणजे ३० लाखांचे ५८ टक्के. मी प्रत्येक वर्षाच्या कागदावर कोपऱ्यात ५८ लिहून त्याभोवती गोल काढते. फेब्रुवारीच्या हप्त्यानंतर बेरीज तिथे पोचली नसेल तर आधी ते शोधायचं, मग मार्चकडे वळायचं.

मार्चमध्ये पाया बदलतो. आता चालू वर्षाचं पी-१ पत्रक हातात आहे. समजा त्यात कर ६ कोटी २४ लाख, चार्टरची एडीए ५२०, डिस्ट्रिक्टची ९,४८०. दर ६,२४०, वर्षाचा वाटा ३२,४४,८००. त्यातून दिलेले १७,४०,००० वजा केले की १५,०४,८०० उरतात. याचा सहावा हिस्सा २,५०,८००. मार्चमध्ये असे दोन हिस्से द्यायचे, ५,०१,६००. एप्रिल, मे, जूनमध्ये एकेक. जूनअखेर एकूण २९,९४,०००.

आमच्या शाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षी मार्चचा दुसरा हिस्सा आलाच नाही. डिस्ट्रिक्टच्या ज्या तक्त्यावर हप्ते निघत होते त्यात मार्चची ओळ एप्रिलसारखीच भरलेली होती. जमा रक्कम दर महिन्याला येत होती, गोल नव्हती, कुणाला शंका आली नाही. मीही फक्त ‘आली’ अशी खूण केली, रक्कम पडताळली नाही. मे महिन्यात शिक्षकांचे पगार काढताना खात्यात पैसे कमी पडले आणि चढ्या व्याजाने तात्पुरतं कर्ज काढावं लागलं. चूक कळल्यावर डिस्ट्रिक्टने चार दिवसांत पैसे पाठवले. व्याजाचे पैसे मात्र गेले ते गेले. त्या पैशांत आठवीच्या वर्गाची विज्ञानाची किट्स आली असती. तेव्हापासून मी हप्ता येण्याआधी कागदावर रक्कम लिहून ठेवते आणि आलेला आकडा तिच्याशेजारी लिहिते. दोन्ही जुळले तरच खूण.

जुलैचा हप्ता उरल्यासुरल्याचा. आता पी-२ पत्रक आलेलं असतं. समजा कर थोडा खाली, ६ कोटी २१ लाख, चार्टरची एडीए ५१५, डिस्ट्रिक्टची ९,४८५. दर ६,२१०, वाटा ३१,९८,१५०. त्यातून २९,९४,००० वजा. जुलैमध्ये २,०४,१५० डॉलर. पी-१ च्या हिशोबाने जुलैत २,५०,८०० येतील असं धरून कुणी खर्च ठरवला असेल तर ४६,६५० डॉलरची खोट बसते. म्हणून जुलैच्या हप्त्यावर आगाऊ काही बांधू नका.

जुलैत येणारी ही रक्कम मात्र ३० जूनला संपलेल्या वर्षाची आहे. नोंद करताना ती त्याच वर्षात पडली पाहिजे: चार्टरच्या वहीत येणी, डिस्ट्रिक्टच्या वहीत देणी. नवीन वर्षाच्या उत्पन्नात ती गेली तर दोन वर्षांचे आकडे बिघडतात आणि लेखापरीक्षक डिसेंबरमध्ये बरोबर तिथेच बोट ठेवतो.

नोंदीचं खातं ८०९६. चार्टरच्या वहीत ते जमेला, डिस्ट्रिक्टच्या वहीत त्याच क्रमांकाखाली वजा चिन्हाने. डिस्ट्रिक्ट ही रक्कम खर्च म्हणून दाखवत नाही, कर-उत्पन्नातून वजा करतं, आणि मला हे फार योग्य वाटतं. जो पैसा मुळात आपल्या मुलांचा नव्हता तो खर्च म्हणून दाखवला तर डिस्ट्रिक्टचा कारभार विनाकारण महाग दिसतो आणि चार्टर शाळा विनाकारण ओझं वाटते. वर्षअखेरीला दोन्ही वह्यांतल्या ८०९६ च्या ओळी शेजारी ठेवा. बेरीज शून्य आली पाहिजे. एका डिस्ट्रिक्टखाली तीन-चार चार्टर शाळा असतील तर प्रत्येकीची ओळ तिच्या चार्टर क्रमांकासह वेगळी ठेवा. सारख्या नावाच्या दोन शाळांचे पैसे अदलाबदल झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि क्रमांक लिहिलेला असता तर ते झालं नसतं. देखरेखीचं शुल्क इन-ल्यूमधून कापून उरलेली रक्कम पाठवणं टाळा. ते साधारणपणे १ टक्क्यापर्यंत आणि शाळेला इमारत जवळपास मोफत दिली असेल तर ३ टक्क्यांपर्यंत असतं. त्याचं बिल वेगळं काढा, नाहीतर ८०९६ कधीच जुळणार नाही. एज्युकेशन प्रोटेक्शन अकाउंटचे पैसे ८०१२ मध्ये आणि राज्याचं अनुदान ८०११ मध्ये, तेही इथे मिसळू नका.

चार्टर शाळेचे अहवाल वर्षातून पाच वेळा जातात: १ जुलैपर्यंत अंदाजपत्रक, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला अंतरिम अहवाल, १५ सप्टेंबरला लेखापरीक्षणाआधीचे वर्षाचे आकडे, आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल पुन्हा १५ डिसेंबरला. यातल्या प्रत्येकात इन-ल्यूची ओळ असते. डिस्ट्रिक्टच्या अंतरिम अहवालाच्या तारखाही त्याच सुमाराच्या. मग दोघांनी आठवडाभर आधी एक फोन का करू नये? ‘तुमच्याकडे किती धरलंय, आमच्याकडे एवढं धरलंय.’ दहा मिनिटांचं काम. मी डिस्ट्रिक्टमध्ये असताना हा फोन करायची, अजूनही करते, आणि समोरच्या बाजूला आता जी मुलगी बसते ती वाट बघते.

पैसे देणाऱ्या डिस्ट्रिक्टला नुकसान होतं का, हा प्रश्न दर बैठकीत येतो. सर्वसाधारण डिस्ट्रिक्टला नाही. त्याचं अनुदान ठरवताना राज्य आधी स्थानिक कर वजा करतं आणि उरलेलं आपण भरतं. इन-ल्यू दिल्याने स्थानिक कर जेवढा कमी होतो तेवढं राज्याचं अनुदान वाढतं. त्यामुळे हप्ता उशिरा दिल्याने डिस्ट्रिक्टला वर्षअखेर काहीच मिळत नाही. रोखीची अडचण मात्र खरी आहे, ती मान्य करायला हवी: कराचा मोठा भरणा डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये येतो, तर चार्टरचे हप्ते ऑगस्टपासून सुरू होतात. ते डिस्ट्रिक्टला शिलकेतून द्यावे लागतात. अंदाजपत्रकाच्या रोख-तक्त्यात ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांची ही रक्कम आधीच टाकून ठेवावी.

‘बेसिक एड’ डिस्ट्रिक्टचं गणित वेगळं. तिथे स्थानिक करच राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त असतो, म्हणून राज्य भरून देत नाही आणि चार्टरला दिलेला डॉलर खरोखर हातचा जातो. पालो आल्टो हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. अशा ठिकाणी मुलामागचा कर मोठा असल्यामुळे दुसरी मर्यादा, म्हणजे एलसीएफएफची रक्कम, लागू पडते. त्यामुळे हिशोबाच्या कागदावर दोन्ही रकमा दाखवा आणि कमी रकमेखाली रेघ मारा. फक्त उत्तर लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी कुणालाच कारण कळत नाही. सांता क्लारा आणि सॅन मॅटेओ काउंटींत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ईआरएएफकडेही लक्ष ठेवावं. तिथल्या काउंट्या गरजेहून जादा ईआरएएफ कसा काढतात, यावर राज्याच्या लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्ट कार्यालयाने २०२० मध्ये आक्षेप नोंदवले होते, आणि चार्टर शाळांची गरज त्या हिशोबात कशी धरायची हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता.

पुढच्या फेब्रुवारीत राज्य मागच्या वर्षाचा अंतिम ताळमेळ काढतं आणि इन-ल्यूची शेवटची दुरुस्ती तेव्हा होते. कधी काही हजार परत द्यावे लागतात, कधी मिळतात. त्याच सुमारास चालू वर्षाचं पी-१ येतं आणि चालू वर्षाचा ८ टक्क्यांचा हप्ताही निघतो. तीन गोष्टी एकाच महिन्यात. दुरुस्तीची रक्कम आणि हप्त्याची रक्कम एका पावतीत एकत्र पाठवू नका, स्वीकारूही नका. प्रत्येकीवर वर्ष लिहा. मग मागच्या वर्षाचा कागद काढा, ठरलेली आणि आलेली रक्कम शेवटची एकदा शेजारी ठेवा, डिस्ट्रिक्टच्या हिशोबनिसाची आणि आपली अशा दोन सह्या घ्या, आणि फाइल कपाटात जाऊ द्या.